घरचं मसाला सायडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर निम्मा सरला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. सगळे ॲपल पिकिंगला जाऊन आलेले असतात. मुलांच्या उत्साहात अर्धं बुशेल, म्हणजे वीसेक पौंड सफरचंदं घरी आलेली असतात, आणि आता त्यांचं करायचं काय, हा प्रश्न असतो. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. बॉस्टनच्या पश्चिमेची स्टो, बोल्टन, हार्वर्ड (विद्यापीठ नव्हे, त्या नावाचं गाव) ही बागांची गावं आम्हाला जवळ. गेली बारा वर्षं दर शरदात मी घरी मसाला सायडर करते. त्या बारा वर्षांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आईबाबा भारतातून आलेत. सायडर म्हटल्यावर त्यांना ती दारू वाटते. खरं काय?

दोन्ही खरं, देश कोणता त्यावर अवलंबून. इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे आंबवलेला, नशा आणणारा सफरचंदाचा रस. अमेरिकेत मात्र नुसतं सायडर म्हटलं की ताजा पिळलेला, न गाळलेला, अजिबात न आंबवलेला रस. त्यात दारू असली तर त्याला इथे हार्ड सायडर म्हणतात. पूर्वी असा फरक नव्हता. वसाहतींच्या काळात इथेही सायडर आंबवलेलंच असायचं आणि शेतकरी ते रोज प्यायचे. पुढे दारूविरोधी चळवळ आली, १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती, आणि तो शब्द हळूहळू गोड रसाला चिकटला. या पानावर जे आहे ते सगळं बिनदारूचं. आईबाबांना सांगा, रसवंतीगृहात उसाचा रस मिळतो तसा हा सफरचंदाचा रस, फक्त थंडीत गरम करून मसाला घालून प्यायचा.

मग ॲपल ज्यूस आणि सायडर यांत फरक काय?

ज्यूस गाळून नितळ केलेला असतो. सायडर गढूळ आणि तपकिरी असतं, कारण त्यात फळाचे बारीक कण आणि पेक्टिन तसंच राहतं. तपकिरी रंग भेसळीचा नाही. सफरचंद चिरून ठेवलं की काळवंडतं, तेच रसातही होतं: फळातलं एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन यांचं ते काम. त्या कणांमुळेच सायडरला अंग येतं. मसाला घालायला ज्यूस वापरू नका, तो फार पातळ आणि एकसुरी लागतो.

कोणती सफरचंदं घ्यावीत?

बहुतेक लोक मसाल्यापासून सुरुवात करतात, आणि तिथेच सायडर बिघडतं. कपात जे उतरतं त्यातलं बरंचसं सफरचंदांच्या मिश्रणातच ठरलेलं असतं.

एकाच जातीचं सायडर करू नका. नुसत्या गोड फळांचं केलं तर दोन घोटांनंतर कंटाळा येतो, नुसत्या आंबट फळांचं केलं तर साखर ओतत बसावं लागतं. मी साधारण असं घेते: निम्मी आंबटगोड, पाव गोड आणि पाव चांगली आंबट. आंबटगोडात मॅकिंटॉश, एम्पायर किंवा मॅकाउन. गोडात गाला, फुजी किंवा गोल्डन डिलिशस. आंबटात ग्रॅनी स्मिथ सगळीकडे मिळतं, पण बागेत नॉर्दर्न स्पाय दिसलं तर तेच घ्या, त्याच्या आंबटपणाला सुगंधही असतो.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, राहत असाल तर आणखी एक शोधा: रॉक्सबरी रसेट. आज बॉस्टनचा भाग असलेल्या रॉक्सबरीत सतराव्या शतकात ही जात सापडली, आणि अमेरिकेतल्या सगळ्यांत जुन्या जातींत ती मोडते. तिची साल चिकूसारखी खरखरीत आणि तपकिरी. म्हणून लोक तिला खराब समजून टाळतात. आत मात्र दाट गोडी आणि त्याबरोबर छान आंबटपणा असतो. वीस फळांत चार-पाच रसेट टाकली तरी फरक कळतो. ती ऑक्टोबरच्या मध्यानंतर पिकतात, तेव्हा घाई नको.

बाल्डविन मिळालं तर सोडू नका. बॉस्टनच्या उत्तरेला विल्मिंग्टनमध्ये जन्मलेलं हे सफरचंद एके काळी न्यू इंग्लंडवर राज्य करत होतं. १९३३-३४ च्या हिवाळ्यात इतकी कडाक्याची थंडी पडली की बाल्डविनची झाडं मोठ्या संख्येनं मेली, आणि शेतकऱ्यांनी त्या जागी थंडीला टिकणारं मॅकिंटॉश लावलं. आज इथल्या बागांत मॅकिंटॉश एवढं का दिसतं, याचं हे एक मोठं कारण.

हनीक्रिस्प? मिनेसोटा विद्यापीठानं १९९१ साली आणलेलं हे फळ चावून खाण्यासाठी घडवलंय. कुरकुरीत, रसाळ आणि महाग. ते मुलांना तसंच खाऊ द्या. आणि रेड डिलिशस अजिबात नको, त्याच्या रसात फिकट गोडीपलीकडे काही नसतं.

सीझनमध्ये नेमकं कधी करावं?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून. सप्टेंबरच्या सुरुवातीला फक्त लवकर येणाऱ्या जाती असतात, त्यांचा रस हलका असतो. ऑक्टोबरमध्ये उशिराच्या जाती मिसळल्या की तोच रस दाट होतो. बागेतून बाटली विकत घेत असाल तरीही हे लागू. एकाच बागेचं सप्टेंबरचं आणि ऑक्टोबर-अखेरचं सायडर शेजारी ठेवून चाखून बघा.

विकतचं सायडर आणून मसाला घातला तर चालेल का? की ते घरचं म्हणायचं नाही?

खुशाल म्हणा. बागेतल्या यंत्रासारखा रस स्वयंपाकघरात निघत नाही. तिथे सफरचंदं आधी दळली जातात, मग तो लगदा कापडांत गुंडाळून लाकडी जाळ्यांच्या थरांत रचतात आणि वरून दाब देतात. रस धारेनं खाली पडतो आणि कापडात कोरडा चोथा उरतो, उसाच्या चिपाडासारखा. एखाद्या बागेत हे बघायला मिळालं तर मुलांना नक्की दाखवा. माझ्या लेकीला तिथे उभं राहून पहिल्यांदा पुण्यातल्या रसवंतीच्या घुंगरांचा अर्थ समजावता आला.

अर्धा गॅलन, म्हणजे सुमारे १.९ लिटर सायडरला माझं प्रमाण असं: दालचिनीचे बोटाएवढे २ तुकडे, ५ लवंगा, ऑलस्पाइसचे ४ दाणे, पेराएवढ्या आल्याच्या ४ चकत्या, संत्र्याच्या सालीच्या ३ पट्ट्या आणि शेवटी किसलेलं चिमूटभर जायफळ. जायफळ सोडून सगळं मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करा. सायडर पातेल्यात मंद आचेवर ठेवा, पुरचुंडी सोडा आणि झाकण अर्धवट ठेवा. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले आणि भरपूर वाफ आली की आच अगदी कमी करा. त्या अवस्थेत वीस-पंचवीस मिनिटं. मग पुरचुंडी काढून टाका. ती आत विसरली तर तासाभरात सायडर कडसर होतं.

खळखळून उकळू नका. सफरचंदाचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. सगळ्या घरात मस्त वास सुटतो खरा, पण तेवढा तो कपात कमी होतो.

वर फेस येतो तो काढायचा का?

हो. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावरची मळी काढतात तशीच झाऱ्यानं काढून टाका. त्यात वाईट काही नसतं, पण काढली की सायडर स्वच्छ लागतं.

आमच्याकडे वीस पौंड सफरचंदं पडून आहेत आणि रस काढायचं प्रेस नाही. काय करू?

दोन रस्ते आहेत, आणि दोन्हींची चव वेगळी येते.

पहिला मिक्सरचा. दोन किलो सफरचंदं धुऊन फोडी करा, मधला बियांचा भाग काढा, साल राहू द्या. अर्धी वाटी पाणी घालून थोड्या थोड्या फोडी मिक्सरमधून काढा. भांड्यावर धुतलेला पंचा पसरून त्यात लगदा ओता, पंच्याची टोकं एकत्र धरून पिळा. चक्का बांधतो तसं थोडा वेळ टांगूनही ठेवता येतं, पण फ्रिजमध्ये. चांगला दाब दिला तर लिटरभर रस निघतो. हा खऱ्या सायडरच्या सगळ्यांत जवळचा. तो लगेच वर सांगितल्याप्रमाणे मसाल्यासह गरम करा, कच्चा ठेवू नका.

दुसरा पातेल्याचा. खरं तर हा सफरचंदाचा काढा आहे, पण अमेरिकेत बऱ्याच घरी यालाच घरचं सायडर म्हणतात आणि थंडीत तो फार सुखाचा लागतो. दहा-बारा मध्यम सफरचंदांचे चार-चार तुकडे करा, बिया नाही काढल्या तरी चालतील कारण त्या चिरडायच्या नाहीत. मोठ्या पातेल्यात टाकून वर दोन बोटं येईल इतकं पाणी घाला. मसाले घाला, झाकण ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्या. मग पळीनं हलकेच ठेचा आणि आणखी अर्धा तास ठेवा. पंच्यातून गाळा. इथे पिळू नका, आपोआप निथळू द्या, नाहीतर लगदा खाली उतरून पेय पेजेसारखं होतं. पाणी घातल्यामुळे यात थोडी गोडी घालावी लागते.

पातेल्याऐवजी स्लो कुकर वापरता येतो. इन्स्टंट पॉटमध्ये दाबाखाली पंधरा मिनिटं पुरतात, पण वाफ आपोआप जिरू द्या. एकदम सोडली तर लगदा झडपेपर्यंत चढतो.

लवंग, दालचिनी घरात भरपूर आहे. प्रमाण वाढवलं तर बिघडतं का?

बिघडतं, आणि आपल्या लोकांकडून हेच सगळ्यांत जास्त होतं. आपला हात गोडा मसाला, बिर्याणी, मसालेभात यांवर बसलेला. तिथे तेल असतं, तिखट असतं, भात किंवा डाळ असते, आणि मसाला त्या सगळ्यांत वाटला जातो. सायडरमध्ये मसाल्याला अडवणारं काहीच नाही. पहिल्या वर्षी मी अर्ध्या गॅलनला दहा-बारा लवंगा घातल्या होत्या. पाहुण्यांच्या जिभा बधिर झाल्या. लवंगेतलं युजेनॉल जीभ बधिर करतं, दाढदुखीला लवंग धरतात ती याचसाठी. त्या दिवशी ऑक्टोबरमध्ये मन लावून तोडून आणलेल्या सफरचंदांची चव कुणालाच कळली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एक सोपी कसोटी सांगते. सायडरचा घोट घेतल्यावर पहिल्यांदा सफरचंद कळलं पाहिजे आणि गिळल्यानंतर मसाला. उलटं झालं तर आणखी सायडर ओतून प्रमाण कमी करा.

वेलची चालते, पण लवंग कमी करून. अर्ध्या गॅलनला ठेचलेल्या तीनच. चक्रीफुलाचं एकच फूल, जास्त नको, बडीशेपेचा वास सगळ्यावर पसरतो. मिरीचे चार दाणे आल्याऐवजी फार छान लागतात. तमालपत्र, जिरं, धने, दगडफूल यांची इथे गरज नाही. केशर घालून बघितलं, सफरचंदापुढे ते हरवतं. तेवढे पैसे वाचवा.

ऑलस्पाइस हा मिश्र मसाला नाही. जमैकात पिकणारं, मिरीपेक्षा जरा मोठं असं ते एकच फळ आहे. नसेल तर एक लवंग वाढवा आणि जायफळ किंचित जास्त किसा.

दालचिनीची पूड चालेल का? आणि दालचिनी कोणती?

पूड नको. ती विरघळत नाही, तळाशी बसते आणि रसाला बुळबुळीतपणा आणते. अख्खे तुकडेच घ्या.

अमेरिकेतल्या दुकानात दालचिनी म्हणून जी जाड, एकाच थराची, कडक गुंडाळी मिळते ती बहुधा कॅशिया असते. तिचा वास उग्र आणि सरळ. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ पापुद्र्यांची असते, हातानं चुरगळते आणि तिचा वास सौम्य, किंचित गोडसर असतो. कोकणातही खरी दालचिनी पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोकण तेज ही जात काढलेली आहे. गावाहून कुणी येणार असेल तर मी पापडांच्या आधी हीच मागवते. सायडरला ती जास्त शोभते, फक्त तुकडे दोनाऐवजी तीन घ्या. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, आणि ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात जाणं यकृताला बरं नाही. महिन्यातून दोन-चार कप पिणाऱ्यांनी काळजी करायचं कारण नाही. रोज पिणाऱ्यांनी पापुद्र्यांचीच घ्यावी.

आजीचं पितळी पातेलं आहे. त्यात केलं तर?

कल्हई शाबूत असेल तरच. सफरचंदाचा रस आंबट असतो, तो उघड्या पितळेला, तांब्याला आणि ॲल्युमिनियमला खातो. चव धातूची लागते आणि ते पोटात जाऊ नये. अमेरिकेत कल्हईवाला मिळणं कठीण, म्हणून स्टीलचं जाड बुडाचं पातेलं किंवा इनॅमलचं भांडं उत्तम.

बागेतल्या बाटलीवर पाश्चराइज केलेलं (म्हणजे तापवून जंतू मारलेलं) नाही अशी सूचना होती. पिऊ का?

कच्चं पिऊ नका. गरम करून प्या. या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी सविस्तर देते.

सफरचंद झाडावर उंच लटकलेलं असतं, मग त्याच्या रसात जंतू कुठून येणार, असं सगळ्यांना वाटतं. पण बागेत हरणं फिरतात, शेजारी गुरं असतात, आणि खाली पडलेलं फळ त्यांच्या शेणाला किंवा लेंड्यांना लागतं. असं एक फळ दळणात गेलं की पूर्ण घाणा दूषित होतो. १९९१ च्या शरदात याच मॅसॅच्युसेट्सच्या आग्नेय भागात ताज्या सायडरमधून ई. कोलाय या जंतूच्या घातक प्रकारानं २३ जण आजारी पडले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसानं साठाहून जास्त लोक आजारी पडले आणि एक लहान मूल दगावलं. १९९८ पासून अशा बाटलीवर धोक्याची सूचना छापणं सक्तीचं झालं, ती याचमुळे.

हा जंतू लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर घाला घालतो. मुलं, गरोदर बायका, साठीच्या पुढची माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांना कच्चं सायडर अजिबात देऊ नका, बागवाला कितीही ओळखीचा असला तरी.

उपाय मात्र सोपा आहे. सायडर ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे १६० फॅरनहाइटपर्यंत तापवा. दह्याला विरजण लावताना वापरता तोच थर्मामीटर चालेल. नसेल तर उकळी फुटण्याच्या बेताला आणा आणि आच कमी करा. मसाला सायडर करताना हे आपोआप होतं. काही बागा रस न तापवता अतिनील किरणांखालून काढतात. तेही सुरक्षित, आणि चव जवळजवळ कच्च्या रसाची राहते.

झाडाखाली पडलेली सफरचंदं फुकट मिळतात. ती घेऊ का? थोडी सडलेली असली तर?

जमिनीवरची घेऊ नका. कारण वर आलंच.

सडक्या फळाचा प्रश्न वेगळा आहे. सडलेल्या सफरचंदावरच्या बुरशीत पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते तापवून नीट नाहीसं होत नाही. आपण एरवी एवढासा भाग काढून बाकीचं वापरतो, आणि टाकणं जिवावर येतं हे मला माहीत आहे, पण इथे हात आखडू नका. मार लागून नुसतं तपकिरी झालेलं फळ चालतं. मऊ पडून बुरशी आलेलं अख्खं फेकून द्या. बाकीची वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुवा, साबण नको. मॅकिंटॉशवर दिसणारी पांढुरकी झाक नैसर्गिक असते, ते औषध नव्हे.

साखर, गूळ की मेपल सिरप?

विकतच्या किंवा मिक्सरच्या सायडरला काहीच नको. आधी चाखा. पातेल्याच्या सायडरला लिटरमागे दोन चमचे गूळ पुरतो, आणि त्याची खमंग चव इथे खुलते. मेपल सिरप जरूर घाला, फक्त गडद रंगाचं घ्या. फिकट सिरप या मसाल्यात कळतच नाही. सायडर फारच गोड असेल तर लिंबाचे थेंब आणि मिठाचा एक कण.

मधुमेह असलेल्यांना चालेल का? लहान मुलांना किती द्यावं?

सायडर फळाचं असलं तरी चोथा निघून गेलेला असतो. एका मोठ्या कपात, म्हणजे २४० मिलिलिटरमध्ये, साधारण २५ ग्रॅम साखर असते, वरून काही न घालता. हा आकडा कोलापेक्षा फार कमी नाही. माझ्या सासऱ्यांना मी चहाच्या छोट्या कपात, जेवणाबरोबर, पातेल्याचं बिनगुळाचं सायडर देते आणि तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. ज्यांची साखर ताब्यात नाही त्यांना अख्खं सफरचंदच द्या.

वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच रस नको, असं इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १२० मिलिलिटर. मध घालून केलं असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूसुद्धा नका.

किती दिवस टिकतं? माझी बाटली फुगली होती, चव झिणझिणीत लागली.

म्हणजे ते आंबायला लागलं होतं. फळावरचं यीस्ट साखर खातं, वायू आणि अल्कोहोल तयार करतं. मुलांना द्यायचं असेल, किंवा घरात कुणी दारू शिवत नसेल, तर ती बाटली ओतून टाका. झाकण सावकाश सैल करा, आत दाब असतो. आपोआप आंबलेलं सायडर म्हणजे हार्ड सायडर करण्याची रीत नव्हे, त्याला निवडलेलं यीस्ट, स्वच्छ भांडी आणि लक्ष लागतं.

मसाला घालून तापवलेलं सायडर काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, आठवडाभर चांगलं राहतं. जास्त झालं तर फ्रीझरमध्ये ठेवा, पण प्लॅस्टिकच्या डब्यात वर दोन बोटं जागा सोडून, गोठताना ते फुगतं. आमच्याकडे ऑक्टोबरचं सायडर संक्रांतीला निघतं. बाहेर बर्फ असतो, आत तिळगूळ आणि सायडर.

नवरात्राच्या उपासाला चालतं का?

सफरचंद चालतंच. मसाल्याचं घरोघरी वेगळं. आमच्याकडे वेलची, सुंठ आणि जायफळ चालतं, म्हणून त्या नऊ दिवसांत मी एवढंच घालते, आणि ते इतकं सात्त्विक लागतं की नंतरही तसंच करावंसं वाटतं. दालचिनी-लवंगेबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारा.

कोजागिरीला मसाला दुधात सायडर मिसळलं तर?

दूध फाटेल. आंबट रस आहे. कोजागिरीला दूध आटवा, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी शेजारी सायडरचं पातेलं ठेवा. न्यू इंग्लंडमध्ये तोवर रात्री चांगलीच थंडी पडलेली असते, चंद्राखाली अंगणात बसायचं तर हातात गरम काहीतरी हवंच. बिनदुधाचा चहा मात्र सायडरमध्ये उत्तम होतो: गरम सायडरमध्ये चहाची पूड तीन मिनिटं ठेवायची आणि गाळायचं.

महाराष्ट्रात करता येईल का?

येईल, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात ते कुणाला प्यावंसं वाटणार नाही. डिसेंबरात, पुणे-नाशिकला गारठा पडल्यावर करा. काश्मीर आणि हिमाचलची सफरचंदं तेव्हा बाजारात असतात. अडचण एवढीच की त्यातली बरीचशी डिलिशस कुळातली, नुसती गोड. आणि ती मुळात अमेरिकेचीच. आयोवातल्या एका शेतात एकोणिसाव्या शतकात हे फळ सापडलं, आणि फिलाडेल्फियाहून येऊन हिमाचलात स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी, जे पुढे सत्यानंद झाले, शंभरेक वर्षांपूर्वी ते कोटगढला लावलं. गोल्डन मिळाली तर मिसळा, काश्मिरी महाराजी हे आंबट सफरचंद दिसलं तर जरूर घ्या. काहीच आंबट नसेल तर लिटरमागे एक लिंबू किंवा दोन आवळे किसून शिजवताना घाला. आवळ्याचा तुरटपणा रसेटची आठवण करून देतो.

उरलेल्या चोथ्याचं काय करायचं?

मिक्सरच्या चोथ्यात चव थोडी शिल्लक असते, तो थालीपिठाच्या पिठात किंवा केकमध्ये जातो. पातेल्याचा चोथा जास्त कामाचा. मसाले वेचून काढा आणि तो पुरणयंत्रातून फिरवा. साल आणि बिया वर राहतात, खाली मऊ गर पडतो. तो गर पसरट भांड्यात गुळाबरोबर मंद आचेवर गडद होईपर्यंत आटवा. इथले लोक याला ॲपल बटर म्हणतात, लोणी मात्र त्यात नसतं. पोळीला लावून मुलं आवडीनं खातात. माझं पुरणयंत्र अमेरिकेत होळीपेक्षा ऑक्टोबरमध्ये जास्त चालतं.

सायडर फारच जास्त आहे आणि फ्रीझर भरलाय. आणखी काही?

काकवी करा. व्हरमाँटमध्ये जुनी रीत आहे: बिनमसाल्याचं सायडर उघड्या भांड्यात आटवत आटवत सातव्या हिश्शावर आणायचं. एका गॅलनची साधारण अर्धा लिटर गडद, आंबटगोड काकवी होते. साखर अजिबात लागत नाही. तीन-चार तास लागतात, शेवटचा अर्धा तास समोरून हलू नका, करपायला क्षण पुरतो. पळीच्या पाठीवर थर धरला की उतरवा, गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ती महिनोन्‌महिने राहते. जानेवारीत कपभर गरम पाण्यात दोन चमचे काकवी, एक लवंग आणि आल्याची चकती घातली की पुन्हा सायडर तयार. ज्वारीच्या गरम भाकरीवर तूप आणि ही काकवी घालून एकदा खाऊन बघा.